चार नट, नऊ माणसं आणि घाणेरीचं झुडूप

रविवारची सकाळ आहे. कुणाच्या घरी पोहे होत असतील, कुणी मुलांना क्रिकेटला सोडून मैदानाबाहेर गाडीतच आपला कार्यक्रम ऐकत असेल. आज पाककृती नाही आणि व्हिसाचे नवे नियमही नाहीत. आज नाटकाचा सिनेमा कसा होतो, आणि कधी कधी का होत नाही, याबद्दल बोलायचं आहे.

विषय निघाला कसा ते आधी सांगतो. गेल्या गणपतीत आपल्या मंडळाने दोन अंकी नाटक केलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलंय. आपल्यातल्याच एका काकांनी ते लिहिलं आहे. मेलबर्नच्या एका घरातला दिवाणखाना, एकच रात्र, दोन भाऊ आणि एक बहीण. सांगलीचं घर विकायचं की ठेवायचं यावर रात्रभर वाद चालतो, जुनी उणीदुणी निघतात आणि शेवटी स्पीकरफोनवर आई शांतपणे सांगते की खरेदीखतावर तिने आज सकाळीच सही करून टाकली. पडदा. त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्या वाजायला दोन-तीन सेकंद उशीर झाला होता, हे मला नीट आठवतंय.

त्यानंतर चहाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "याचा सिनेमा काढूया." एक प्रायोजकही तयार झाले. त्यांची एकच सूचना होती. शेवट जरा बदला, तिन्ही मुलं विमानाने सांगलीला जातात, आईला मिठी मारतात, घर वाचतं. आणि ड्रोनने कृष्णेचा घाट दाखवा. कमिटीच्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एमबीए, तुम्ही आकडे काढा." मी एक्सेल उघडलं. पहिल्या ओळीत लिहिलं नाटक, शेवटच्या ओळीत लिहिलं सिनेमा, आणि मधे काय काम असतं हेच आपल्याला ठाऊक नाही हे तिथे लक्षात आलं. मग ज्या देशात राहतो त्या देशातल्या लोकांनी हे काम कसं केलं ते पाहायला बसलो. दोन महिने रात्री हाच उद्योग चालू होता. घरच्यांनी सहन केलं.

सुरुवात आपल्या स्वतःच्या व्हिडिओपासून. प्रयोगाच्या वेळी मागच्या भिंतीशी तिपाईवर कॅमेरा लावून आपण चित्रीकरण केलं होतं. ते घरी टीव्हीवर पाहिलं, तर त्या रात्री डोळ्यांत पाणी आणणारा थोरला भाऊ चक्क ओरडतोय असं वाटलं. चूक त्याची नव्हती. रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेतल्या आजींपर्यंत पोचायचं असतं. त्याचा आवाज, हात, मान, सगळं त्या अंतरासाठी मोजलेलं असतं. कॅमेरा मात्र नाकाशी येऊन बसतो. आमच्या आयटीच्या धंद्यात 'लिफ्ट अँड शिफ्ट' म्हणतात. जुनी यंत्रणा जशीच्या तशी उचलायची आणि नव्या सर्व्हरवर नेऊन ठेवायची. ती चालू होते, पण सुखाने चालत नाही. कारण जुन्या यंत्रणेच्या निम्म्या खोडी जुन्या जागेमुळेच खपून जात होत्या.

आता एक फसलेलं उदाहरण. रे लॉलरचं 'समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल' हे नाटक २८ नोव्हेंबर १९५५ला आपल्या मेलबर्नमध्येच, विद्यापीठाच्या युनियन थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं. लॉलर स्वतः त्यात बार्नीचं काम करत होता. गोष्ट कार्ल्टनमधल्या एका घरात घडते. हो, तेच कार्ल्टन, जिथे आपण आज पार्किंग शोधत फिरतो. रू आणि बार्नी हे क्वीन्सलंडमधले ऊसतोड कामगार. सात महिने तोडणी, मग पाच महिने सुट्टी, आणि ती दक्षिणेला येऊन आपल्या मैत्रिणींबरोबर घालवायची. अशी सोळा वर्षं गेली. दर वर्षी रू ऑलिव्हसाठी एक बाहुली आणतो. सतराव्या उन्हाळ्यात मात्र सगळं विस्कटतं. बार्नीची मैत्रीण लग्न करून निघून गेली आहे, टोळीतलं रूचं पहिलं स्थान एका तरुण पोराने घेतलं आहे. शेवटी रू ऑलिव्हला लग्नाचं विचारतो आणि ती ते झिडकारते. तिला नवरा नको असतो, तिला ते सोळा उन्हाळे परत हवे असतात. रू ती बाहुली फोडतो.

ऊसतोड कामगार रंगभूमीच्या मध्यभागी उभा करणारं नाटक म्हटल्यावर माझ्यासारख्या कोल्हापूरकडच्या माणसाचे कान टवकारणारच. नाटक लंडनला गेलं आणि तिथे गाजलं. न्यूयॉर्कला गेलं आणि काही आठवड्यांत बंद पडलं. मग १९५९मध्ये सिनेमा आला. मागे बर्ट लँकेस्टरच्या भागीदारीतली अमेरिकन कंपनी, दिग्दर्शक लेस्ली नॉर्मन, रूच्या भूमिकेत अर्नेस्ट बोर्गनाइन, ऑलिव्ह झाली ॲन बॅक्स्टर, बार्नी झाला जॉन मिल्स. गोष्ट मेलबर्नहून उचलून सिडनीला नेली. शेवट गोड केला, रू आणि ऑलिव्ह पुन्हा जवळ येतात. अमेरिकेत तर नावही बदललं, 'सीझन ऑफ पॅशन'.

सगळे शेवटाला नावं ठेवतात आणि ते बरोबरच आहे. प्रश्न विचारायचा एक आणि उत्तर भलत्याचंच द्यायचं असं ते झालं. पण मला वाटतं खरी पडझड त्याआधीच झाली होती. नाटकात ते सोळा सोनेरी उन्हाळे आपल्याला कधीच दिसत नाहीत. फक्त ऑलिव्ह त्यांचं वर्णन करते. बार्नीच्या निघून गेलेल्या मैत्रिणीच्या जागी नवी आलेली पर्ल हे घर पाहते आणि तिच्या चेहऱ्यावर उमटतं की यात एवढं काय आहे? मग आपल्यालाही शंका येते, की ते उन्हाळे खरंच एवढे सुंदर होते की ऑलिव्हने ते मनात रंगवले? सगळं नाटक त्या शंकेवर उभं आहे. माणसांना घराबाहेर काढून सिडनीच्या उन्हात मजेत फिरताना दाखवलं, की शंका मेली. गावाकडच्या वाड्याच्या आठवणी मुलांना सांगताना आपलंही असंच होतं. मुलांना एकदा तो वाडा प्रत्यक्ष दाखवला की आपली अर्धी गोष्ट संपते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. नाटकाचा सिनेमा करायचा म्हणजे माणसांना दिवाणखान्यातून बाहेर काढायचं, समुद्र दाखवायचा, गाड्या पळवायच्या, असं बहुतेकांना वाटतं. तसा नियम नाही. डेव्हिड विल्यमसनचं 'डॉन्स पार्टी' १९७१मध्ये कार्ल्टनच्याच प्रॅम फॅक्टरीत झालं. १९६९च्या निवडणुकीची रात्र, मजूर पक्ष जिंकणार म्हणून ठेवलेली पार्टी, निकाल उलटा लागतो आणि दारूबरोबर मित्रांची लग्नंही उतू जातात. १९७६मध्ये ब्रूस बेरेसफोर्डने त्याचा सिनेमा केला, पटकथा विल्यमसनचीच. सिनेमा बहुतांश त्या एका घरातच राहतो. पण कॅमेरा स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे, अंगणातून झोपायच्या खोलीत फिरत राहतो. नाटकात कोपऱ्यात चाललेलं आपण दुर्लक्षिलेलं असतं, ते इथे अगदी जवळून बघावं लागतं. घर तेच आहे, आपली बसायची जागा बदलली.

आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला त्या सिनेमाकडे येतो. 'लँटाना', २००१. दिग्दर्शक रे लॉरेन्स, निर्मात्या जॅन चॅपमन. सिनेमा मोठ्यांसाठी आहे. गाडीत मुलं असतील तर काळजी नको, मी जपून सांगतो. ज्यांना तो पाहायचाय आणि शेवट कळायला नकोय, त्यांनी पुढची काही मिनिटं आवाज कमी करावा.

मूळ नाटक अँड्र्यू बोव्हेलचं 'स्पीकिंग इन टंग्ज', १९९६, सिडनीची ग्रिफिन थिएटर कंपनी. चार नट आणि नऊ पात्रं. पहिलाच प्रवेश असा, की रंगमंचावर एकच जागा आहे पण ती एकाच वेळी दोन वेगवेगळ्या हॉटेलांतल्या खोल्या आहे. दोन जोडपी आहेत. ही दोन्ही नवरा-बायकोची जोडपी नाहीत, आणि थोड्या वेळाने आपल्याला कळतं की त्यांचे जोडीदार अदलाबदल झालेले आहेत, आणि हे त्या चौघांनाही माहीत नाही. चौघं एकाच वेळी बोलतात. इकडचं वाक्य तिकडे पूर्ण होतं. कधी चौघांच्या तोंडून एकच शब्द एकाच क्षणी निघतो. एक जोडी पुढे जाते, दुसरी माघार घेते. म्हणजे तालमीत नटांनी किती घाम गाळला असेल याचा विचार करा. आपल्याकडे एकाला एक वाक्य वेळेवर आठवत नाही.

थिएटरमध्ये हे चालतं, कारण प्रेक्षकाने दाराशी चपला काढाव्यात तसा काही अविश्वास बाहेर ठेवलेला असतो. एक खाट म्हणजे दोन खाटा, हे तो मान्य करतो. एवढ्या मोठ्या शहरात नेमके हेच चौघं एकमेकांच्या वाटेत आले, हाही योगायोग तो मान्य करतो, कारण समोर मांडलेला हा एक खेळ आहे हे त्याला ठाऊक असतं. कॅमेऱ्यासमोर मात्र खरी खोली येते, खरी चादर येते, खिडकीबाहेर खरी सिडनी येते. तिथे हाच योगायोग खोटा वाटायला लागतो. पडदा मधोमध दुभागून दोन खोल्या शेजारी दाखवता आल्या असत्या. पण मग लोकांनी युक्ती पाहिली असती, माणसं पाहिली नसती.

पटकथा बोव्हेलने स्वतःच लिहिली, आणि त्याने पहिलं काम काय केलं तर आपला सगळ्यात गाजलेला प्रवेश काढून टाकला. स्वतःचं लिखाण आपल्याच हाताने खोडणं किती कठीण असतं ते मला माझ्या पॉवरपॉइंटवरून माहीत आहे, आणि ते तर नाटक होतं. सिनेमात एकच प्रकरण उरलं, लिऑन या पोलीस डिटेक्टिव्हचं आणि जेनचं. लिऑन झाला अँथनी लापाग्लिया, त्याची बायको सोन्या झाली केरी आर्मस्ट्राँग.

दुसरी अडचण त्याहून बारीक होती. नाटकात तेच चार नट नऊ माणसं होतात. पहिल्या अंकातला फसवणारा नवरा पुढे दुसऱ्याच कुणाच्या रूपात समोर येतो आणि आवाज, चेहरा तोच असल्यामुळे न सांगता आपल्याला जाणवतं की ही सगळी दुःखं एकाच मातीची आहेत. सिनेमात नऊ माणसांना नऊ चेहरे लागणार, आणि तो प्रतिध्वनी बंद पडणार. मग बोव्हेलने नाती गुंफली. लिऑन, सोन्या आणि जेन एकाच नृत्यवर्गात येतात. सोन्या कुणाला न सांगता व्हॅलेरी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाते. व्हॅलेरी नाहीशी होते, तपास लिऑनकडे येतो आणि तपासात हाती लागलेल्या टेपांमध्ये त्याला आपल्याच बायकोचा आवाज सापडतो. गाडीत एकटा बसून तो टेप ऐकतो. नाटकात जे चौघांच्या एकत्र बोलण्यातून पोचत होतं, ते इथे एका माणसाच्या गप्प ऐकण्यातून पोचतं. जी जागा नाटकात शब्दांनी भरली होती ती सिनेमात चेहऱ्याने भरली. माझ्या मते सगळ्या बदलात हा सगळ्यात शहाणा बदल.

तिसरी गोष्ट शेवटाची. नाटकात व्हॅलेरीचं नेमकं काय झालं हे कळत नाही. निर्जन रस्त्यावर तिची गाडी बंद पडते, ती फोन करते, घरी आन्सरिंग मशीनवर तिचा आवाज साठत राहतो, आणि ती अंधारात जाते. सिनेमात उलट केलंय. पहिल्याच दृश्यात कॅमेरा एका दाट झुडपात शिरतो, किड्यांची किरकिर, काटेरी फांद्या, आणि आत एक बाई मरून पडलेली, बोटात लग्नाची अंगठी. ती कोण ते कळत नाही. मग पडद्यावर एकेक संसारी बाई येते आणि आपण प्रत्येकीकडे त्या नजरेने पाहतो, की ती हीच का? लोकांना बांधून ठेवणारा रहस्याचा धागा मिळाला, आणि त्या धाग्याला बांधून बोव्हेलने लग्नांबद्दलचं आपलं मूळ म्हणणंच पुढे नेलं. कारण शेवटी कळतं की खून झालेलाच नाही. निक नावाच्या शेजाऱ्याने तिला गाडीत लिफ्ट दिली, त्याने आडवाट घेतली, ती घाबरली, चालत्या गाडीतून उडी मारून पळाली आणि दरीत पडली. त्या रात्री एका बाईला एका अनोळखी माणसावर विश्वास ठेवता आला नाही, एवढंच. शेवट इथेही बदललाच आहे, पण 'डॉल'सारखा नाही. हा बदल नाटकाने विचारलेल्या प्रश्नाच्याच दिशेने गेला.

झुडूप कुठलं? लँटाना, म्हणजे आपली घाणेरी, काही ठिकाणी तिला टणटणी म्हणतात. सह्याद्रीत कुठल्याही किल्ल्याच्या वाटेवर भेटणारी, गुलाबी-पिवळ्या फुलांचे झुबके, पान चुरगळलं की उग्र वास, आणि लहानपणी त्याची काळी फळं खाल्ली म्हणून खाल्लेला मारही आठवत असेल. तिकडे आणि इकडे, दोन्हीकडे ती मूळची नव्हे. १९व्या शतकात शोभेचं झाड म्हणून आणली आणि मग रान खात सुटली. इथे आज ती राष्ट्रीय पातळीवरच्या त्रासदायक तणांच्या यादीत आहे. वरून फुलं, आत काटे आणि गुंता. सिनेमाचं नाव का बदललं असेल हे सिडनीकरांना वेगळं सांगायला लागलं नसेल, आणि आपल्यालाही लागत नाही. मेलबर्नच्या थंडीत ती फारशी दिसत नाही. मी इथली घाणेरी पहिल्यांदा सिडनीला एका क्लायंटच्या ऑफिसमागे पाहिली आणि मीटिंग सोडून तिचा वास घेत उभा राहिलो होतो.

लॉरेन्सने शक्य तितक्या नैसर्गिक उजेडात चित्रीकरण केलं, छायालेखन मँडी वॉकरचं. त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटच्या पुरस्कारांत सिनेमा, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि अभिनयाचे चारही मिळून सात पुरस्कार 'लँटाना'ला मिळाले. लिऑनची सहकारी झालेली लीया पर्सेल स्वतः लेखिकाही आहे. हेन्री लॉसनची १८९२ची 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही छोटी कथा घेऊन तिने २०१६मध्ये आदिवासी स्त्रीच्या बाजूने नाटक लिहिलं, त्यात काम केलं, मग कादंबरी केली आणि मग सिनेमाही स्वतःच दिग्दर्शित केला. म्हणजे एकच गोष्ट चार वेळा वेगवेगळ्या घरात राहायला गेली. तो वेगळा कार्यक्रम होईल.

आता जरा रुक्ष भाग, पण मंडळवाल्यांनी कान देऊन ऐकावा. नाटकाच्या प्रयोगाची परवानगी म्हणजे सिनेमाची परवानगी नव्हे. हे हक्क वेगळे असतात आणि वेगळे विकत घ्यावे लागतात. निर्माते सहसा आधी 'ऑप्शन' घेतात. जमिनीचा विसार देतो तसंच, थोडे पैसे देऊन ठरावीक मुदतीपुरतं दुसऱ्या कुणाला विकू नका म्हणायचं, तेवढ्यात पटकथा आणि पैसा उभा करायचा, जमलं तर पूर्ण किंमत द्यायची. कॉपीराइट इथे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं असतो, भारतात ६० वर्षं. पुण्याहून झेरॉक्स आणून बिनदिक्कत प्रयोग लावण्याची आपली जुनी सवय इथे चालणार नाही, खरं तर तिथेही चालत नव्हती. सरकारी मदतीचं म्हणाल तर चित्रपटगृहात लागणाऱ्या ऑस्ट्रेलियन सिनेमाला पात्र खर्चाच्या ४० टक्के करसवलत मिळते, त्याला प्रोड्यूसर ऑफसेट म्हणतात. पण त्या पात्र खर्चाला एक किमान मर्यादा असते, अर्ज कंपनीने करायचा असतो, आणि पैसे सिनेमा पुरा झाल्यावर करपत्रकातून मिळतात. आधी पदरचे घालायचे. आपल्या मंडळाच्या खात्यात तेव्हा हळदीकुंकवातून उरलेले जेमतेम दोन हजार डॉलर होते. एक्सेलने मला लाल रंग दाखवला आणि मी फाइल बंद केली.

मागच्या शनिवारी काकांकडे गेलो. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. मी दोन महिन्यांत पाहिलेलं सगळं सांगितलं, बाहुली, घाणेरी, सगळं. मग भीत भीत म्हटलं, "काका, दोन तासांचा नाही, चाळीस मिनिटांचा करू. आपल्याच घरात. प्रायोजकांचा ड्रोनही नको आणि मिठीही नको." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रागावले. मग त्यांनी वही ओढली आणि पहिल्या प्रवेशाच्या साडेतीन पानांवर, जिथे दोन भाऊ ऑस्ट्रेलियातल्या घराच्या किमती बोलतात आणि हॉल हमखास हसतो, तिथे एक तिरपी रेघ मारली.

"हे जाऊ दे," म्हणाले. "सुरुवात सांगलीत कर. रजिस्ट्रार ऑफिस. टेबलावर कागद. एका म्हातारीचा अंगठा शाईत बुडतो, कागदावर उठतो. मग ती पदराला शाई पुसते. चेहरा दाखवायचा नाही. लगेच मेलबर्न."

आईचं फोनवरचं वाक्य आहे तसंच राहणार आहे. फक्त ते येईल तेव्हा तो अंगठा कुणाचा होता ते आपल्याला कळेल. प्रायोजकांना हे अजून सांगायचंय, ते काम अर्थातच माझ्याकडे आलंय. काकूंचं म्हणणं, सही नाही, अंगठाच दाखवा, हल्ली सही येणाऱ्यांचाही अंगठा घेतातच. त्यांचं माहेर सांगलीचं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

तर मंडळी, सांगलीत कुणाची ओळख असेल, एखाद्या ऑफिसात सुट्टीच्या दिवशी दोन तास टेबल-खुर्ची आणि शाईचा पॅड मिळवून देऊ शकेल अशी, तर कार्यक्रमानंतर स्टुडिओत नक्की कळवा. आणि पंचाहत्तरीच्या आसपासच्या, कॅमेऱ्यासमोर नुसता हात द्यायला तयार असलेल्या एक आजीही हव्या आहेत.